‘दिवसभर राबते, पण एकही काम हातावेगळे होत नाही’

एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे :

“चार महिन्यांपूर्वी मी एका शाळेच्या कार्यालयात सचिव म्हणून रुजू झाले. त्याआधी अनेक वर्षे एका पेढीत हिशेबाचे काम केले. तिथे सकाळी हाती घेतलेले काम संध्याकाळपर्यंत संपायचे आणि ते संपल्याचे समाधान घेऊन घरी जाता यायचे. इथे एक पत्र टंकायला घ्यावे तर फोन वाजतो, फोनवर बोलत असताना खिडकीशी पालक येऊन उभे राहतात, तेवढ्यात गुडघा फुटलेले मूल रडत आत येते आणि नेमकी त्याच वेळी एखाद्या शिक्षकांना ‘आत्ताच्या आत्ता’ यादीची प्रत हवी असते. मागच्या आठवड्यात पालकसभेची सूचना चुकीच्या वारासह बाहेर गेली. ‘एवढे तरी तुमचे तुम्हाला कळायला हवे,’ असे मुख्याध्यापिकाबाई सर्वांदेखत म्हणाल्या. त्याच आठवड्यात एका मुलाला न्यायला आलेल्या गृहस्थांना मी थांबवून ठेवले. ते स्वतःला मुलाचे काका म्हणवत होते, पण आमच्याकडे त्यांची नोंद नव्हती. तर मुलाचे वडील येऊन माझ्यावरच ओरडले. घरचे म्हणतात, संगणकाचा एखादा कोर्स कर म्हणजे वेग वाढेल. मला वाटते, हे काम माझ्या पिंडाचेच नाही. सोडून द्यावे की शिकावे? आणि शिकायचे तर नेमके काय?”

स. न. वि. वि.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा आधी घेते, कारण काय शिकायचे राहिले आहे हे कळल्याखेरीज नोकरी सोडण्याचा निर्णय घाईचा ठरेल. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पत्र टंकणे, याद्या करणे, फायली लावणे हे खरे काम, आणि फोन, खिडकी, रडणारे मूल हा त्या कामातला व्यत्यय, अशी विभागणी तुम्ही मनाशी केली आहे. पेढीत ती योग्य होती. शाळेच्या कार्यालयात ती टिकत नाही, कारण तिथे ज्याला तुम्ही व्यत्यय म्हणता त्यासाठीच ती खुर्ची ठेवलेली असते. शाळेतल्या कोणालाही, शिक्षकाला, पालकाला, मुलाला, शिपायाला, पाहुण्याला, जेव्हा कोठे जावे हे कळत नाही, तेव्हा तो कार्यालयात येतो. कोणत्याही क्षणी तुमच्या टेबलावर पाचपंचवीस कामे अर्धवट अवस्थेत असणार, आणि तुम्ही कितीही चपळ झालात तरी ती तशीच असणार.

म्हणून या नोकरीतले मुख्य कौशल्य टंकलेखनाचा वेग हे नव्हे. हातातले काम मध्येच खाली ठेवणे आणि नंतर ते, काहीही न सांडता, जिथे सोडले होते तिथूनच उचलणे, हे ते कौशल्य आहे. ते स्वभावात असावे लागते असे अनेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. ज्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे अशी माणसे या कामात पुष्कळदा मागे पडतात, कारण ती लिहून ठेवत नाहीत.

लिहिण्यासाठी एकच वही ठेवा. बांधीव, पाने न सुटणारी. चिठ्ठ्या, पाकिटांच्या पाठी, संगणकाच्या पडद्याला चिकटवलेले पिवळे कागद हे सारे बंद करा, कारण निरोप हरवतात ते तिथेच. वहीत प्रत्येक बाबीला वेळ, माणूस, विषय आणि तुम्ही काय कबूल केले हे चारही तपशील हवेत. उदाहरणार्थ : ‘१०.४०. सहावी ब, हजेरी क्रमांक १७ ची आई, फोनवर. मुलीला ताप, उद्याही येणार नाही. वर्गशिक्षकांना कळवणे; गृहपाठ हवा आहे. मधल्या सुटीनंतर उलट फोन करते असे सांगितले.’ ही नोंद करायला अर्धा मिनिट लागतो. पण ती असली की तुम्ही रजेवर असलात तरी दुसऱ्या कोणालाही ते काम पुढे नेता येते. काम झाले की त्यावर रेघ मारायची. दिवस संपताना जे उरले असेल ते पुढच्या पानावर हाताने पुन्हा लिहायचे. हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळाच उपयोगी पडतो, कारण एखादी बाब वारंवार पुढे ढकलली जात असेल तर ती करायची इच्छा नाही, अधिकार नाही की माहिती नाही, हे तुमचे तुम्हालाच दिसू लागते. अशा बाबी मुख्याध्यापिकाबाईंपुढे नेण्याच्या असतात.

याच सवयीचा दुसरा भाग याहून महत्त्वाचा आहे. फोन उचलण्यापूर्वी किंवा खिडकीकडे वळण्यापूर्वी हातातल्या कागदावर पेन्सिलीने दोनतीन शब्द लिहा : ‘मसुदा झाला, वार तपासणे, जोडपत्र नाही’. बहुतेक जण तडक वळतात आणि परत आल्यावर ‘हे झालेच होते’ असे समजून कागद पुढे सरकवतात. तुमची सूचना बहुधा अशीच गेली असावी.

त्या सूचनेबद्दल थोडे सविस्तर लिहिते. सूचनेत तारीख आणि वार दोन्ही देण्यामागे कारण आहे. एक चुकले तर दुसरे त्याची चुगली करते. पण ही सोय दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे दिनदर्शिकेत पाहिल्या तरच कामाची. वाराची चूक जवळजवळ नेहमी एकाच वाटेने येते. मागच्या वर्षीची सूचना उघडायची, तारीख बदलायची आणि वार तसाच राहायचा. वारच कशाला, मागच्या वर्षीच्या पर्यवेक्षकांचे नावही असेच टिकून राहते. यावर उपाय म्हणजे जुने पत्र उघडून दुरुस्त करण्याची पद्धतच सोडणे. प्रत्येक प्रकारच्या सूचनेचा एक कोरा नमुना करून ठेवा, ज्यात बदलणारा प्रत्येक मजकूर काढून टाकलेला असेल आणि तिथे ठळक रिकाम्या चौकटी असतील. रिकामी चौकट डोळ्यांत खुपते, चुकीचा वार खुपत नाही. छापलेली प्रत कागदावर, मोठ्याने आणि शक्यतो दुसऱ्या कोणाला ऐकवत वाचा. पडद्यावर वाचताना आपण लिहिलेले वाचत नाही, मनातले वाचतो.

चूक झालीच तर दुरुस्तीची सूचना लगेच काढावी, तिच्या शीर्षकातच ‘सुधारित’ हा शब्द असावा आणि पहिल्याच ओळीत काय बदलले ते असावे. दिलगिरीचे लांबलचक परिच्छेद लिहिले की पालकांना मुख्य बदल शोधत बसावा लागतो. चुकलेली सूचनाही फाईलमध्ये राहू द्या. ती काढून टाकली तर ‘आम्हाला दुसराच वार कळवला होता’ म्हणणाऱ्या पालकापुढे तुम्ही निरुत्तर होता.

आता ‘एवढे तरी कळायला हवे’ या वाक्याकडे वळते. चारचौघांत असे बोलायला नको होते, यात दुमत नाही. परंतु त्या वाक्याआड एक न ठरलेली बाब आहे. कार्यालयातून बाहेर जाणारा कागद दुसऱ्या कोणाच्या नजरेखालून जायचा की नाही, हे तुमच्या शाळेत कोणी ठरवलेलेच दिसत नाही. ते ठरवून घ्या. त्यासाठी मुख्याध्यापिकाबाईंकडे दररोज सकाळची दहा मिनिटे मागा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असे उत्तर आले तर ती वेळ कधीच मिळणार नाही, म्हणून घड्याळातली वेळ मागा. त्या दहा मिनिटांत आजचे भेटीला येणारे कोण, सहीसाठीचे कागद कोणते, निर्णयावाचून अडलेले काय आणि तुमची वही, एवढेच न्या.

अशा पहिल्या एखाद्या बैठकीत तीन याद्या करून घ्याव्यात असे सुचवते. कोणत्या गोष्टी मी परस्पर कराव्यात, कोणत्या करून मग कळवाव्यात आणि कोणत्या विचारल्याशिवाय मुळीच करू नयेत. दाखल्याच्या अर्जाचा नमुना देणे पहिल्या यादीत जाईल, भेटीची वेळ बदलणे दुसऱ्या यादीत, आणि एखाद्या मुलाविषयी पत्रकाराला काही सांगणे तिसऱ्या यादीत. भेटीला आलेल्यांपैकी कोणाला लगेच आत सोडायचे आणि कोणाला बाहेर बसवायचे, हेही याच याद्यांवरून ठरते. सचिवाच्या अंगी ‘प्रसंगावधान’ हवे असे जाहिरातींमध्ये लिहिलेले असते, पण बरेचसे प्रसंगावधान अशा आधीच विचारून ठेवलेल्या प्रश्नांतून येते.

सहीच्या फाईलबद्दल एक सूचना. सुटा कागद कधीही सहीला ठेवू नका. त्याच्याखाली ज्या पत्राचे ते उत्तर आहे ते पत्र, जोडपत्रे आणि वर दोन ओळींचे टिपण असावे. ज्या मुख्याध्यापिका तुमच्यावर विसंबून न वाचता सही करू लागतील, त्यांच्या कागदांना तुम्ही दुप्पट जपले पाहिजे.

काकांच्या प्रसंगात तुम्ही बरोबर होतात. हे मी निःसंदिग्धपणे लिहिते, कारण तुमच्या पत्राचा सूर असा आहे की तिथेही आपलेच चुकले असावे. प्रवेशाच्या वेळी पालकांनी ज्यांची नावे लिहून दिली आहेत त्यांच्याच ताब्यात मूल द्यायचे. इतर कोणी आले तर पालकांशी बोलून खात्री करायची आणि ती शाळेच्या दप्तरात असलेल्या क्रमांकावर फोन करूनच. आलेल्या माणसाने सांगितलेल्या क्रमांकावर नाही आणि त्याने स्वतःच्या मोबाईलवरून लावून हातात दिलेल्या फोनवर तर नाहीच, कारण पलीकडचा आवाज कोणाचा हे तुम्हाला ठाऊक नसते. मूल त्या माणसाला ओळखते, ‘काका’ म्हणून हाक मारते, हा पुरावा पुरेसा नाही. मुलांना धोका अनेकदा ओळखीच्या माणसांकडूनच असतो. आईवडील विभक्त असतील आणि एकाने दुसऱ्याच्या ताब्यात मूल देऊ नका असे तोंडी सांगितले, तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागून ती दप्तरी ठेवावी आणि बाब मुख्याध्यापिकांकडे न्यावी. कोणाचे म्हणणे खरे याचा निवाडा खिडकीत बसून करता येत नाही.

फोनवर हीच गोष्ट अधिक नकळत घडते. ‘मी अमक्याचा मामा बोलतोय, आज त्याचा वर्ग किती वाजता सुटणार?’ असा अगदी सहज प्रश्न येतो आणि आपण सौजन्याने वेळ सांगून टाकतो. अशा वेळी ते मूल आपल्या शाळेत आहे की नाही, हेसुद्धा बोलण्यातून कळू देऊ नये. त्यासाठी एक वाक्य तयार ठेवा : ‘मुलांविषयीची माहिती आम्ही फोनवर कोणालाच देत नाही. आपले नाव आणि क्रमांक सांगा, आम्ही पालकांमार्फत कळवू.’ वाक्य पाठ असले की आवाज कापत नाही, आणि ते वाक्य सर्वांना सारखेच ऐकवले जात असल्यामुळे कोणाला अपमानही वाटत नाही. खरा मामा क्रमांक देतो. दुसरा फोन ठेवून देतो.

सुधारणेला वाव आहे तो थांबवण्याच्या पद्धतीत. त्या गृहस्थांना उभे ठेवले होते की बसायला सांगितले होते, किती वेळ लागेल हे कळवले होते का, याविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. ज्याला थांबवायचे त्याला आधी खुर्ची द्यावी, त्याच्यासमोरच पालकांना फोन लावावा आणि फोन लागत नसेल तर तसे सांगावे. वडील ओरडले तेव्हा त्यांना पटवून देण्याची गरज नव्हती. ‘आपल्या मुलाला अनोळखी माणूस न्यायला आला असता, तर मी असेच थांबवावे अशी आपली अपेक्षा असती,’ एवढे म्हणून त्यांच्यापुढे नावे वाढवण्याचा अर्ज ठेवायचा. त्यानंतर घडलेला प्रकार त्याच दिवशी वहीत लिहायचा, वेळेसह आणि विशेषणांशिवाय. ‘उद्धटपणे बोलले’ असे लिहू नये, जे शब्द उच्चारले गेले ते लिहावेत.

गोपनीयतेचा विषय निघाला आहे म्हणून आणखी काही. कार्यालयाला कोणाची फी थकली आहे, कोणाच्या घरी काय चालले आहे, कोणत्या मुलाला कोणते औषध चालू आहे, हे सारे ठाऊक असते. संगणकाचा पडदा खिडकीकडे तोंड करून ठेवू नये. थकबाकीविषयी रांगेतल्या इतरांच्या कानावर जाईल असे बोलू नये. सर्व पालकांना एकच ईमेल पाठवताना पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात घालावेत, नाहीतर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाकडे पोचतो. आणि शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी कोणी सहज विचारलेच, तर उत्तर न देता विषय बदलण्याची कला अंगी बाणवावी लागते. ही कला कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत, पण तिच्यामुळे काही काळ तुम्ही थोड्या एकट्या पडाल, हे आधीच सांगून ठेवते.

दप्तराच्या बाबतीत पेढीतली शिस्त तुमच्या कामी येईल. फरक इतकाच की हिशेबाची वही काही वर्षांनी बाद होते, प्रवेशाची नोंदवही कायम राहते. आज पहिलीत आलेल्या मुलाला नोकरीसाठी, पारपत्रासाठी, कधी न्यायालयासाठी तीच नोंद लागणार आहे आणि तेव्हा तिथे तुम्ही नसाल. म्हणून नाव ऐकून लिहायचे नाही, कागदपत्र समोर ठेवून अक्षर अक्षर उतरवायचे. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहायची. खाडाखोड, पांढरी शाई, एका अक्षरावर दुसरे गिरवणे हे सर्वस्वी वर्ज्य. दुरुस्ती करावी लागली तर मूळ मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ, वर नवा मजकूर, बाजूला सही आणि तारीख, आणि तीही पुराव्याचा कागद व मुख्याध्यापिकांचा लेखी आदेश हाती आल्यावरच. ‘ताई, एकच आकडा तर बदलायचा आहे,’ म्हणत गोड बोलणारे लोक येतील. त्यांना आदेशाची वाट दाखवावी.

आवक नोंदवहीत पत्रावरची तारीख आणि पत्र मिळाल्याची तारीख हे दोन रकाने वेगळे असतात. घाईत अनेक जण दोन्हीकडे एकच तारीख भरतात. पुढे मुदतीचा वाद उभा राहिला की सारे काही दुसऱ्या रकान्यावर ठरते, तेव्हा पाकीट फोडल्याबरोबर शिक्का आणि तारीख घालण्याची सवय लावून घ्या.

पैशांविषयी तुम्हाला मी काय सांगणार? पावती जागच्या जागी, रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच, शाळेची रोकड आणि स्वतःची पर्स यांची कधीही गाठ पडू न देणे, आणि किरकोळ खर्चाच्या पेटीत रोख व व्हाउचर मिळून नेहमी मूळ रक्कमच भरणे, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. फक्त एकटीने मोजणी करू नका. प्रामाणिक माणसाला साक्षीदाराची जास्त गरज असते.

संगणकाचा कोर्स जरूर करा, पण वेगासाठी नको. तक्ते हाताळणे आणि मेल मर्ज, म्हणजे एकाच मसुद्यात यादीतली नावे आपोआप भरून शेकडो पत्रे काढणे, या दोन गोष्टी शिकलात तरी पुरे. तक्त्यांतले सापळे मात्र शिक्षक सांगतीलच असे नाही. शून्याने सुरू होणारा क्रमांक एक्सेलमध्ये साधा आकडा म्हणून भरला की पुढचे शून्य गळते. १५ पेक्षा अधिक अंक असलेला क्रमांक भरला की पंधराव्या अंकानंतरचे सारे अंक शून्य होतात आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून असे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ स्वरूपात ठेवायचे, कारण हे क्रमांक बेरजेसाठी नसतात, ओळखीसाठी असतात. तारखेतला दिवस आणि महिना यांचा क्रम संगणकाच्या मांडणीनुसार बदलतो, त्यामुळे ४ मार्चला जन्मलेले मूल दुसऱ्या संगणकावर ३ एप्रिलचे होऊन बसते. आणि सर्वांत घातक चूक म्हणजे फक्त नावांचा रकाना निवडून तो अकारविल्हे लावणे. नावे सरकतात, गुण जागीच राहतात, आणि तक्ता दिसायला अगदी नीटनेटका असतो! मूळ फाईलला हात न लावता नेहमी प्रतीवर काम करा.

फाईलींना नावे देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिलेत तर संगणक त्या आपोआप कालक्रमाने लावतो. तारीख लिहिण्याचा हा क्रम १९८८ सालापासून आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंका, जुन्या फाँटमधला मजकूर शोधताही येत नाही आणि दुसऱ्या संगणकावर धड वाचताही येत नाही. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक शाळेच्या इमारतीबाहेर, हा जतनाचा जुना संकेत आहे; तोच पाळा.

सभेचे इतिवृत्त हाही शिकण्याचा विषय आहे. पिटमनची लघुलिपी १८३७ साली आली आणि पुढे दीर्घकाळ सचिवाच्या नेमणुकीत लघुलेखनाला मोठा मान होता. आज तोंडी मजकूर सांगून उतरवून घेणारे वरिष्ठ फारसे उरले नाहीत, पण ऐकता ऐकता सार पकडण्याची गरज संपलेली नाही. इतिवृत्तात भाषणे नकोत. काय ठरले, कोणी करायचे आणि केव्हापर्यंत, एवढे हवे. चर्चा भरकटून थांबली आणि नेमके काय ठरले ते कोणालाच सांगता येत नसेल, तर तिथल्या तिथे विचारावे, ‘मग असे लिहू का?’ आणि वाक्य वाचून दाखवावे. नव्याने आलेल्या सचिवांना हे धाडसाचे वाटते. प्रत्यक्षात सभेतल्या प्रत्येकाला हायसे वाटते, कारण तोच प्रश्न सर्वांच्या मनात असतो. मसुदा त्याच दिवशी करावा. दुसऱ्या दिवशी आपण जे आठवतो त्यात आपली मते मिसळलेली असतात.

एकाच वेळी चौघे येतात तेव्हा आधी कोण, हा तुमचा खरा रोजचा प्रश्न. माझा क्रम असा आहे : मूल, फोन, खिडकी, कागद. गुडघा फुटलेले मूल सर्वांच्या आधी, यावर कोणाचा वाद नसावा. फोन खिडकीच्या आधी ठेवते याचे आश्चर्य वाटेल, कारण समोरच्या माणसाला आधी विचारावे अशी रीत आहे. पण खिडकीतल्या माणसाची निकड चेहऱ्यावर दिसते, फोनमागची दिसत नाही. फोन उचलून निकड नसेल तर नाव, क्रमांक वहीत घेऊन मिनिटाभरात ठेवता येतो. तोवर खिडकीकडे पाहून मान हलवली, ‘पाहिले आहे’ एवढे कळवले, की बहुतेक माणसे शांतपणे थांबतात. ‘आत्ताच्या आत्ता’ यादी मागणाऱ्या शिक्षकांना ‘किती वाजेपर्यंत हवी?’ असे विचारा. प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना त्यांनाच घड्याळ पाहावे लागते आणि बहुतेकदा ती यादी दुपारी चालते.

आता सोडण्याचा प्रश्न. चार महिन्यांत तुम्ही शाळेचे वर्ष पुरते पाहिलेले नाही. प्रवेश, परीक्षा, निकाल, दाखले, लेखापरीक्षण यांच्या लाटा ठरलेल्या वेळी येतात आणि पहिल्या वर्षी प्रत्येक लाट अचानक आल्यासारखी वाटते. वहीच्या मागच्या बाजूला दर महिन्यासाठी एक पान ठेवा आणि त्या महिन्यात काय आले व त्याची तयारी किती आधी सुरू करायला हवी होती ते लिहीत जा. जुन्या शिपायांनाही विचारा, कोणत्या महिन्यात कोणती गर्दी होते हे त्यांना बहुतेकदा सर्वांत नेमके ठाऊक असते. एक पूर्ण वर्ष होईपर्यंत राजीनाम्याचा विचार बाजूला ठेवावा असे माझे मत आहे. त्यानंतरही, वही आणि याद्या असूनही, खिडकीशी कोणी आले की तुम्हाला केवळ चीड येत असेल, तर खुशाल हिशेबाच्या कामाकडे परत जा. ज्याला कामाचा शेवट पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, त्याची पेढीला गरज असतेच. आणि सकाळची दहा मिनिटे व लेखी नियम या दोन गोष्टी मागूनही मिळाल्या नाहीत, तर मात्र दोष तुमच्या पिंडाचा नाही. मग वर्षभर थांबण्याचेही कारण नाही.

लेखी नियमासाठी मसुदा देते. त्यात आपल्या शाळेप्रमाणे फेरफार करावा.

‘मा. मुख्याध्यापिका यांस सविनय सादर. विषय : विद्यार्थ्यांना शाळेतून नेण्याबाबत कार्यालयीन नियम. पालकांनी लेखी कळवलेल्या व्यक्तींखेरीज अन्य कोणी विद्यार्थ्यास नेण्यास आल्यास, दप्तरातील क्रमांकावर पालकांशी संपर्क साधून खात्री झाल्यावरच विद्यार्थ्यास सोडण्यात यावे आणि संपर्क न झाल्यास विद्यार्थी कार्यालयातच थांबवावा, असा नियम आपल्या सहीने लागू व्हावा व त्याची प्रत खिडकीजवळ लावण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. तसेच व्यक्तींची नावे वाढवण्यासाठी पालकांना द्यावयाच्या अर्जाचा नमुना सोबत जोडला आहे.’

मसुद्यावर तारीख घाला, नमुना खरोखरच जोडला आहे ना ते पाहा, आणि मंजुरीची सही होऊन आली की मूळ कागद फाईलला लावून खिडकीजवळ त्याची प्रत चिकटवा.